आधी अक्षर की आधी रंग?

जुन्या नाण्याचा फोटो काढायचा म्हणजे नेमकं काय काढायचं, यावर एका घरातली दोन माणसं बरीच वर्षं भांडत आहेत. एक पुण्यातले जुने संग्राहक. शिवराया, पेशवाईतले रुपये आणि ब्रिटिश अमदानीतले चांदीचे रुपये, यापलीकडे त्यांचा जीव कशात अडकत नाही. दुसरी त्यांची भाची. दागिन्यांच्या जाहिरातींसाठी फोटो काढणं हा तिचा धंदा. नावं देत नाही. ती त्यांना मामा म्हणते, तेव्हा आपणही मामाच म्हणू. टेबलावर मूठभर नाणी, कॅमेरा, दोन दिवे, बटर पेपरचा गुंडाळा आणि मध्ये मी, अशा बैठकीतलं हे बोलणं आहे. काटछाट माझी. एकमेकांना मारलेले काही टोमणे गाळले आहेत, सगळे नाहीत.

मामा : सरळ सांगतो. नाणं हा मजकूर आहे. ही शिवराई घ्या. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांची माळ. १६७४ च्या राज्याभिषेकापासून हे नाणं ओळखलं जातं आणि पुढे पेशवाई संपेपर्यंत, नंतरही थोडी वर्षं, ते पाडलं जात राहिलं. एवढ्या काळात ठसे किती हातांनी कोरले असतील! कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे वेलांटी दीर्घ. आमची सगळी वर्गवारी त्यावर चालते. हिच्या फोटोत काय दिसतं? सुरेख चॉकलेटी रंग.

भाची : चॉकलेटी दिसतं, कारण नाणं चॉकलेटी आहे.

मामा : ते ओल्या मातीत राहिलं असतं तर हिरवं झालं असतं. अक्षर कुणीतरी मुद्दाम कोरलंय. रंग आपोआप चढलाय. मी मुद्दाम केलेलं आधी बघणार.

भाची : आणि आपोआप झालेलं कधी बघणार?

मामांच्या बाजूने एक मोठी परंपरा उभी आहे, हे इथे सांगायला हवं. ब्रिटिश म्युझियमने एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला नाण्यांचे जे यादीग्रंथ काढले, त्यांतल्या चित्रपानांवर बहुधा नाण्यांचे फोटो नसतातच. नाण्याचा साच्यात ठसा घ्यायचा, त्यावरून प्लास्टरची प्रतिकृती ओतायची आणि फोटो त्या पांढऱ्या प्रतिकृतीचा काढायचा, अशी पद्धत होती. चांदी चकाकते, तांबं काळवंडतं, सोनं पिवळी झाक टाकतं. प्लास्टर यातलं काहीच करत नाही. उंचसखलपणा तेवढा उरतो. सोन्याची मोहर आणि तांब्याचा पैसा शेजारी ठेवले तरी एकाच घरचे वाटतात.

मामा : अगदी बरोबर. ती पानं आजही वाचता येतात. अक्षर न् अक्षर.

भाची : ती पानं सुंदरच आहेत. पण त्यांनी नाण्याचा फोटो काढलाच नाही, नाण्याच्या आकाराचा काढला. घासलेलं नाणं आणि न घासलेलं नाणं त्या पानावर सारखंच दिसणार. ते अभ्यासकाला चालत असेल, विकत घेणाऱ्याला चालेल का?

मामा : विकत घेणाऱ्याने हातात घेऊन बघावं.

भाची : नाणं कोल्हापुरात आणि घेणारा नागपुरात असला तर?

यावर मामांनी चहाचा विषय काढला. चहा झाल्यावर मात्र त्यांनी आपला दिवा उचलला. मान वाकवता येणारा साधा टेबललॅम्प, त्यात दुधी काचेचा बल्ब. तो त्यांनी नाण्याच्या डाव्या अंगाला इतका खाली आणला की उजेड टेबलाला जवळजवळ घासत जात होता. शिवराईवरचं ‘राजा’ एकदम उठून आलं. खरोखर वाचता येत होतं. मगाशी भाचीच्या पसरट उजेडात ते नुसतं पुसट होतं.

मामा : बघा. दिवा खाली आणला की सावली लांब पडते. अर्ध्या केसाइतका उंचवटा असला तरी त्याची सावली दिसते. झिजलेल्या नाण्याला दुसरा इलाज नाही.

भाची : दिवा तसाच खाली ठेव. फक्त डावीकडून काढून वर, बाराच्या काट्यावर आण.

मामांनी आणला. ‘राजा’तले दोन्ही काने फिके पडले. अक्षरांचा आडवा भाग मात्र टिकून राहिला.

भाची : उभी रेघ आणि उजेड एकाच दिशेत आले की रेघेला सावलीच पडत नाही. काना उभा असतो, म्हणून बाराच्या दिव्यात तो जातो. आता तुझी दुदांडी शिवराई घे. तिच्यावरच्या त्या दोन आडव्या दांड्या बाराच्या दिव्यात ठसठशीत दिसतील आणि तुझ्या लाडक्या नऊच्या दिव्यात विरतील. तू म्हणतोस वर्गवारी वेलांटीवर आहे. मला सांग, तुझ्या जुन्या फोटोंत ज्या वेलांट्या नाहीत, त्या कोरणाऱ्याने कोरल्या नव्हत्या की तुझ्या दिव्याने खाल्ल्या?

मामा : (थोडं थांबून) म्हणून दहाच्या काट्यावर ठेवतात.

भाची : ठेवतात, कारण तिरक्या उजेडात उभं आणि आडवं दोन्ही बऱ्यापैकी निभावतं. पण मग त्याच तिरक्या रेषेत जाणारा फाटा मार खातो. एकाच दिव्याने सगळं दिसत नाही, मामा. अक्षरसुद्धा नाही.

मला हा त्या संध्याकाळचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटला. रंग बदलतो, तपशील मात्र पक्का, असं आपण धरून चालतो. तपशीलही उजेडाच्या मेहेरबानीवर असतो, हे दिवा फिरवून पाहिल्याशिवाय पटत नाही. आणखी एक गंमत तिने दाखवली. दिवा सहाच्या काट्यावर, म्हणजे खालून लावला, तर उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसायला लागतात. उजेड वरून येतो, ही आपल्या मेंदूची जन्माची सवय आहे. सावली उलट्या बाजूला दिसली की तो उंचाला खोल समजतो. पुष्कळ संग्राहकांच्या फोटोंत रुपयावरच्या व्हिक्टोरिया राणीचा चेहरा आत दबलेला वाटतो, त्यामागे इतकंच असतं.

मामा : ठीक आहे. पण माझ्या दिव्याने निदान काही खोटं घातलं नाही. जे नव्हतं ते दाखवलं नाही.

भाची : वाढवून दाखवलं ना! खालच्या दिव्यात झिजलेलं नाणं तरतरीत दिसतं. राणीच्या केसांच्या बटा उरल्यात जेमतेम, पण लांब सावल्यांमुळे वाटतं की भरपूर आहेत. आणि उलटंही होतं. एक साधा ओरखडा, हाताला लागतही नाही, तो नाण्यावर नांगर फिरवल्यासारखा दिसतो. दिवे उंच घेतले, साठ-सत्तर अंशांवर, की झीज किती झालीय ते कळतं. आणि नाणं कापडाने घासलं असेल तर त्या एका दिशेच्या बारीक रेघाही अशाच उजेडात, नाणं थोडं हलवलं की, चमकून उठतात.

घासण्याबद्दल दोघांचं एकमत आहे, त्यामुळे तो भाग लवकर आटपतो. आपल्याकडे तांब्याचं जुनं काही सापडलं की पहिला हात चिंचेकडे जातो, दुसरा भांडी घासायच्या पावडरीकडे. नाण्याचं वाटोळं त्यातच होतं. मामांच्या डब्यात अशा घासलेल्या शिवराया वेगळ्या ठेवलेल्या होत्या. भाचीने त्यातली एक उचलली.

भाची : हिचा तुझ्या पद्धतीचा काळा-पांढरा फोटो आणि माझा रंगीत फोटो शेजारी लाव. तुझ्यात ही उत्तम शिवराई आहे. माझ्यात वरचा भाग कच्चा गुलाबी, नारिंगी, आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत जुना तपकिरी राहून गेलेला. बघताक्षणी कळतं की कुणीतरी चिंच लावलीय. आता हा ठिपका बघ, फिकट हिरवा, भुकटीसारखा. गडद, गुळगुळीत हिरवा थर वेगळा. तो शतकानुशतकं तसाच बसतो. हा फिकट भुकटीवाला म्हणजे क्लोराइडचा रोग, दमट हवेत पसरतो, नाणं पोखरतो. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही नुसते डाग. आणि तू म्हणतोस रंग आपोआप चढलाय, म्हणून दुय्यम!

मामा : डाख विसरलीस.

भाची : काय?

मामा : तुझ्याच बाजूचा मुद्दा आहे, देऊन टाकतो. आपल्या बायका चांदीचे रुपये माळेत ओवायच्या. कडेला कडी डाखून लावायची. पुढे कुणीतरी कडी काढतं, कानशीने साफ करतं आणि नाणं बाजारात येतं. कानस चांगली चालवली असेल तर आकारात काही उरत नाही. पण डाखाची चांदी वेगळी असते, काळवंडतेही वेगळी. कडेशी, डोक्याच्या वर, एक राखाडी ढग राहतो. तो रंगातच दिसतो.

प्रतिपक्षाला मुद्दा देऊन टाकणारा माणूस वादात धोकादायक असतो, हे मला तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. कारण पुढचा हल्ला लगेच आला.

मामा : आता तू मला सांग, खरा रंग कोणता? हा १८६२ चा रुपया. कडेला निळा-जांभळा, आत सोनेरी. मी तो असा धरला तर निळा दिसतो. थोडा कलवला तर जांभळा. अजून कलवला तर रंग गेलाच, नुसती चांदी. फोटोत तू कुठला घेणार? आणि का?

भाची : चांगला प्रश्न आहे. हा रंग म्हणजे रंगद्रव्य नाही. हवेतल्या गंधकाने चांदीवर चांदीच्या सल्फाइडचा पातळ थर बसतो. इतका पातळ की मिलिमीटरचे लाखाने तुकडे करावे लागतील. काही उजेड थराच्या वरून परत फिरतो, काही थरातून जाऊन खालच्या चांदीवरून. ते दोन्ही एकमेकांत मिसळताना काही रंग मारले जातात, काही उठतात. थर जाड होत जातो तसा रंगांचा क्रम ठरलेला : आधी फिकट पिवळा, मग लालसर, जांभळा, मग निळा. रस्त्यात सांडलेल्या तेलावर जे दिसतं तेच हे. आणि उजेड तिरका आला की थरातला त्याचा मार्ग बदलतो, म्हणून रंगही बदलतो.

मामा : म्हणजे खरा रंग नाहीच.

भाची : कोन सांगितलास तर आहे. माझं उत्तर : लेन्स सरळ वरून आणि उजेडही सरळ वरून.

मामा : लेन्सच्या जागी दिवा कसा ठेवशील?

यासाठी तिची युक्ती साधी आहे आणि दागिन्यांच्या कामातून आलेली आहे. नाणं आणि लेन्स यांच्या मधोमध स्वच्छ काचेचा तुकडा पंचेचाळीस अंशांत तिरपा धरायचा. दिवा बाजूने. उजेडाचा थोडा हिस्सा काचेवरून खाली वळतो, नाण्यावर उभा पडतो, तसाच उलट वर येतो आणि काचेतून आरपार लेन्समध्ये जातो. बाकीचा पलीकडे निघून जातो. तिकडे काळं कापड लावायचं. तिने लावलं, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो रुपया पेटला म्हणावं असा दिसला. निळा, जांभळा, सोनेरी, सगळं एकदम, कुठेही चकाकीचा पांढरा चट्टा नाही. अक्षरं काळ्या बारीक रेघांनी आखल्यासारखी झाली, कारण सपाट जागा उजेड सरळ परत पाठवते आणि अक्षरांचे उतार तो बाजूला फेकतात.

मामा : आणि व्हिक्टोरियाचा गाल कुठे गेला?

गाल खरंच गेला होता. चेहऱ्याचा उठाव सपाट झाला होता. राणी नाण्यावर चिकटवलेल्या कागदासारखी दिसत होती.

भाची : गेला. उठावाला तुझा दिवा लागतो, रंगाला माझी काच. खडबडीत शिवराईवर तर ही काच काहीच करत नाही, तिथे मुळात सपाट आरशासारखी जागाच नसते.

मामा : मग हा खरा रंग कसा? तू निवडलेला कोन आहे तो. मी दुसरा निवडला तर दुसरा रंग खरा. बाजारात तर लोक असाच कोन शोधतात, ज्यात इंद्रधनुष्य जास्तीत जास्त फुलेल. त्याला दुप्पट किंमत येते. वर मोबाइल स्वतःच्या मनाने रंग भडक करतो. गंधकाचा धूर देऊन दोन दिवसांत रंगवलेले रुपये मी पाहिलेत. म्हणूनच फोटोत रंग दिसला की मी आधी संशय घेतो.

भाची : घे ना. पण संशय फेडायलाही रंग नीटच लागेल. आपोआप चढलेल्या रंगात पट्ट्यांचा क्रम बहुधा सांभाळलेला असतो, एकातून दुसरा हळूहळू निघतो. घाईने चढवलेल्यात क्रम तुटतो, कडा कापल्यासारख्या असतात. काळ्या-पांढऱ्या फोटोवरून तू हे ठरवणार कसं?

इथे मी मध्ये पडलो. कोनाचं राहू द्या, म्हटलं. साधा पांढरा रुपया पांढरा का येत नाही, ते आधी सांगा. माझ्या फोनवर एकच नाणं सकाळी निळसर आणि रात्री पिवळं येतं. भाचीने माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडला.

भाची : कारण चांदीला स्वतःचा रंग फार थोडा. ती समोरचं दाखवते. तुमच्या घरची भिंत पिस्ता रंगाची असेल तर रुपयाही पिस्ता रंगाकडे झुकतो. फोटो काढताना मी काळा टी-शर्ट घालते तो फॅशन म्हणून नाही. सराफाच्या दुकानात गुलाबी कागदावर ठेवून काढलेले फोटो बघा. कागदाचा गुलाबी नाण्याच्या कडेत शिरतो, आणि कॅमेरा तो गुलाबी मारायला जातो, तेव्हा नाणं हिरवट पडतं. एका फोटोत दोन खोट्या गोष्टी. काळ्या मखमलीवर ठेवलं तर कॅमेऱ्याला वाटतं, फार अंधार आहे; तो उजेड वाढवतो आणि नाणं पांढरंफटक होतं. मधला राखाडी कागद सगळ्यात बरा.

मामा : आणि उत्तरेची खिडकी? आम्ही आयुष्यभर उत्तरेच्या खिडकीत नाणी बघितली.

भाची : बघायला छान. फोटोला ढगाळ दिवशी ठीक. निरभ्र दिवशी उत्तरेच्या खिडकीतून येतो तो आकाशाचा उजेड, निळाच असतो. त्यात तू वर ट्यूबलाइट चालू ठेवतोस. दोन जातींचे उजेड एकत्र आले की कुठलंही गणित ते सुटं करू शकत नाही. एकाच जातीचे दिवे, बाकी सगळं बंद. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचं माप, ९५ किंवा वर लिहिलेलं बघायचं. स्वस्त एलईडीमध्ये गडद लाल फार कमी असतो, आणि तांब्याचा सगळा जीव लालात. मग शिवराई मेलेल्या पानासारखी येते आणि दोष कॅमेऱ्याला. नाण्याच्या जागी राखाडी कार्ड ठेवून त्याचा एक फोटो घ्यायचा, त्यावर व्हाइट बॅलन्स बसवायचा, मग नाणं ठेवायचं. दिवा हलवला की पुन्हा कार्ड.

मामा : हे मला पटतं. तराजूचा काटा आधी शून्यावर आणावा तसं.

कॅमेऱ्याच्या तांत्रिक गोष्टींवर दोघं फार रेंगाळले नाहीत. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स बरी, कारण नाण्यापासून लांब राहता येतं आणि मध्ये दिव्याला, काचेला जागा मिळते. एफ ८ च्या आसपास थांबावं. एकास एक मोठेपणावर एफ ८ प्रत्यक्षात एफ १६ सारखं वागतं, आणि त्याहून छिद्र बारीक केलं तर सगळंच मऊ पडतं. कॅमेरा नाण्याला अगदी समांतर हवा. त्यासाठी नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोब्बर मध्ये येईपर्यंत कॅमेरा हलवायचा. शटर हाताने दाबायचं नाही, टायमर लावायचा. माझ्यासारख्या फोनवाल्यांसाठी तिचा सल्ला असा : फोनचा मॅक्रो वापरू नका, तो रुंद भिंगातून दोन-तीन सेंटिमीटरवर येतो आणि स्वतःच उजेड अडवतो. पुस्तकांच्या थप्पीवर फोन ठेवून, थोडं लांबून, दुप्पट झूम करून काढा. दहा आणि दोनच्या काट्यांवर दोन दिवे, समोर बटर पेपर.

मामा : पण बटर पेपर फार जवळ लावला की नाणं निस्तेज होतं. हे मी करून पाहिलंय.

भाची : हो, तिथे जपावं लागतं. न वापरलेल्या नाण्याची झळाळी असते ना, नाणं कलवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते ती? ठसा पडताना धातू कडेकडे वाहतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेघा राहतात, त्यांचा तो खेळ. उजेड सगळीकडून आला की आरे संपले. त्या नाण्याला दोन छोटे, थोडे कडक दिवेच हवेत.

मामा : आणि तरीही एका फोटोत आरे फिरणार नाहीत.

भाची : नाहीत. त्याला व्हिडिओच लागेल.

मग मामांनी ठेवणीतला मुद्दा काढला. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या साठ्याचा. क्षहरात राजा नहपान याची १३,००० हून जास्त चांदीची नाणी, त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का मारलेला. नाणं जेमतेम दीड सेंटिमीटरचं. नहपानाचं डोकं, भोवती ग्रीक लिपीतली अक्षरं, आणि त्याच्या नाकाडोळ्यांवरून सातकर्णीचा तीन कमानींचा डोंगर. दुसऱ्या बाजूला उज्जैनचं चिन्ह. एका राज्याचा पराभव दुसऱ्याने त्याच चांदीवर लिहिलेला.

मामा : अशा नाण्यात दिवा एका बाजूला नेला की नहपान दिसतो, दुसऱ्या बाजूला नेला की सातकर्णी. तिथे काय करणार तुझा रंग? रंग दोघांचा एकच आहे. इथे सगळा इतिहास सावलीत आहे.

इथे माझा कौल मामांना. अशा नाण्यासमोर रंगाची चर्चा मागच्या बाकावर बसते. पण भाचीने हार मानली नाही, वेगळीच वाट काढली.

भाची : मान्य. मग एक दिवाही पुरणार नाही. टॉम माल्झबेंडर म्हणून एच-पी कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधक होता. त्याने आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक पद्धत मांडली. कॅमेरा हलवायचा नाही, नाणं हलवायचं नाही, दिवा मात्र चाळीस-पन्नास ठिकाणी न्यायचा आणि प्रत्येक वेळी फोटो घ्यायचा. शेजारी काळा चकचकीत गोळा ठेवला की त्याच्यावरच्या चमकीवरून प्रत्येक फोटोतल्या दिव्याची दिशा कळते. संगणक सगळे जुळवतो. मग पडद्यावर माउस फिरवला की दिवा फिरतो. नहपान हवा तर नहपान, सातकर्णी हवा तर सातकर्णी. रंग काढून नुसता उठावही बघता येतो, अगदी तुझ्या प्लास्टरसारखा.

मामा : अंतर?

भाची : दिव्याला सुतळी बांधायची. दर वेळी सुतळी ताणून तेवढंच अंतर ठेवायचं.

मामांचा चेहरा खुलला. सुतळीपर्यंत आलेलं तंत्रज्ञान त्यांना आपलं वाटतं.

मामा : हे मी पेशवाईतल्या अंकुशी रुपयांना लावीन. तिथे ठसा नाण्यापेक्षा मोठा, फारसी मजकुराचा एक तुकडा एका नाण्यावर, दुसरा दुसऱ्यावर. आणि १८६२ च्या रुपयांनाही. १८६२ हे साल पुढे बरीच वर्षं तसंच छापत राहिले, पण मुंबई टांकसाळीने मागच्या बाजूला बारीक ठिपके घातले. त्या ठिपक्यांवरून आम्ही वर्ष ओळखतो. एक ठिपका दिसला नाही की वर्ष चुकलं.

भाची : किंवा धुळीचा कण ठिपका म्हणून मोजला की. म्हणून म्हणते, रंगीत काढ. धूळ रंगाने वेगळी पडते.

मामा : आणि तपशील सगळा दिसला तरी लोक काय बघतील याचा भरवसा नाही. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावर हत्ती होता, लोकांना तो डुक्कर वाटला. केवढा गहजब! बहुतेक नाणी परत वितळवली, पुढच्या वर्षी सोंड नीट काढली. तेव्हा काय, फोटो नव्हता, नाणंच हातात होतं.

शेवटी दोघांनी एक तह केला. प्रत्येक नाण्याचे निदान तीन फोटो : खालच्या दिव्याचा, उंच दिव्यांचा आणि, नाणं चांदीचं व रंग चढलेलं असेल तर, काचेचा. मामांची अट अशी की प्रत्येकाखाली दिव्याचा काटा आणि उंची लिहायची, शिवाय वजन आणि व्यास. भाचीची अट अशी की राखाडी कार्डाचा फोटोही सोबत ठेवायचा आणि नंतर रंगाला हात लावायचा नाही. नाणी विकणाऱ्यांनी एवढं केलं तर निम्मी भांडणं मिटतील, असं मला वाटतं. किती जण करतील, ही गोष्ट वेगळी. जाता जाता मी विचारलं, कडेचं काय?

भाची : कडेचा फोटो कोण मागतं?

मामा : मागायला हवा! ओतीव खोट्या नाण्याचा जोड कडेलाच असतो. रुपयाची कड १९४० पासून बदलली, सुरक्षेची खोबण आली. कुणी १९३९ चा दुर्मीळ रुपया म्हणून दाखवला आणि कड नंतरची निघाली, तर साल कोरून बदललंय. दोन्ही बाजूंचे शंभर फोटो काढलेस तरी ते कळणार नाही.

भाची : मग नाण्याशेजारी तिरपा आरसा ठेवावा लागेल. वरून बघताना कडही दिसेल.

मामा : माझ्याकडे दाढीचा आरसा आहे.

भाची : तो नको. त्याला मुलामा काचेच्या मागे असतो. काचेच्या पुढच्या पृष्ठावरून एक फिकं प्रतिबिंब, मुलाम्यावरून दुसरं. कडेच्या रेघा दुहेरी दिसतील. पुढून मुलामा दिलेला आरसा मागवावा लागेल.

मामा : केवढ्याला पडतो?